रमाबाईंचा विसावा

पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. तेथील मुलूख मूळचा कोरडा, पावसाच्या लहरीवर जगणारा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एका विधवा बाईनें या मुलुखांत सुमारें शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या, आंबे, संत्रीं व लिंबें लावलीं. बागेच्या उत्पन्नावर आपली विधवांची शाळा चालावी एवढाच तिचा हेतु होता. परंतु बाग पुरती हातीं येण्यापूर्वींच त्या जागेवर माणसें येऊन राहिलीं. दुष्काळानें उघड्यावर टाकलेल्या शेंकडों मुली आणि बायका तेथें आल्या, आणि बागेचें गांव झालें. तें गांव म्हणजे मुक्तिसदन, आणि ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

मराठी सुशिक्षित घरांत रमाबाईंचें नांव बहुधा दोन कारणांनीं निघतें. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत त्यांना मानाचें स्थान आहे. आणि त्यांच्या धर्मांतराचा वाद आजही पुरता मिटलेला नाहीं. या दोन प्रकरणांच्या मध्यें एक तिसरी गोष्ट आहे, व तिजकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आपणांस ईश्वराच्या ठिकाणीं विसावा सांपडला, असें रमाबाईंनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. हा विसावा कोणता, तो केव्हां मिळाला, आणि मिळाल्यावर त्यांच्या हातून काय घडलें, एवढेंच या लेखांत पहावयाचें आहे. कोणता धर्म खरा, हा वाद येथें करावयाचा नाहीं. एका विलक्षण बुद्धिमान बाईनें आपल्या अंतःकरणाविषयीं जें सांगितलें, तें तिच्या आयुष्याशीं ताडून पाहणें हें इतिहासाचें काम आहे, आणि तें निर्मळ मनानें करतां येण्याइतका काळ आतां खास लोटला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रीनें संस्कृत शिकावें हा त्यांचा आग्रह भोंवतालच्या लोकांस मानवला नाहीं. तरी त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविलें, आणि त्या माउलीनें पहांटेच्या वेळीं मुलीला जवळ घेऊन पाठ दिला. रमाबाई अगदीं लहान असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, आणि पुराण सांगून मिळेल त्या दक्षिणेवर वर्षानुवर्षें देशभर हिंडत राहिलें. देवळाची ओवरी, नदीचा घाट, धर्मशाळा हींच त्यांचीं घरें.

१८७० नंतरच्या दशकांत दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां या कुटुंबाची कसोटी लागली. जवळचा पैसा तीर्थें, दानें आणि ब्राह्मणभोजनें यांत संपला होता. मजुरी करणें पंडिताच्या घराण्यास कमीपणाचें वाटे. भांडीं व वस्त्रें विकून झालीं. शेवटीं रानांत अकरा दिवस त्यांनीं पाणी, झाडपाला व मूठभर शिंदीचीं फळें यांवर काढले. वडिलांची दृष्टि गेलेली होती. त्यांनीं जलसमाधीचा निश्चय केला, आणि धाकट्या मुलीला कवटाळून तिचा निरोप घेतला. आपण तिला देवाच्या स्वाधीन केलें आहे, तिनें जन्मभर त्याचीच होऊन रहावें, असा त्या निरोपाचा भाव होता. जलसमाधि टळली, मृत्यु टळला नाहीं. थोड्याच दिवसांत वडील, मागोमाग आई, आणि पुढें थोरली बहीण अशीं तिघें गेलीं. आईच्या तिरडीला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ, आणि चवथी रमा. उंची पुरेना म्हणून तिनें आपल्या वांट्याचा भार डोक्यावर घेतला.

वडिलांचें तें शेवटचें सांगणें आणि डोक्यावरचें तें ओझें, या दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढील साऱ्या चरित्रांत त्या पुनःपुन्हां भेटतात.

भाऊ श्रीनिवास व रमाबाई हीं दोघें बहुतेक पायींच हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनीं त्यांचा गौरव केला. कीर्ति मिळाली, परंतु तोंवर श्रद्धा ढळली होती. इतकीं व्रतें आणि इतकीं तीर्थें करूनही देव कोठें भेटला नाहीं, हा दुष्काळानें उपस्थित केलेला प्रश्न मनांत होताच. आतां स्त्रियांपुढें बोलण्याकरितां धर्मग्रंथ वाचूं लागल्यावर, स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाची वाट स्वतंत्रपणें मोकळी नाहीं, असाच अर्थ त्यांना जागोजागीं दिसला. हा अर्थ सर्वस्वीं बरोबर कीं एकांगी, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, आणि संतांची परंपरा ध्यानांत घेणाऱ्यास त्याला पुष्कळ उत्तर देतां येईल. पण बाईंना तो अर्थ शास्त्रार्थ म्हणून दिसला नव्हता. स्वतःला दार बंद आहे, असा तो दिसला.

१८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीचें बंधन मोडून विवाह केला. सिल्चर येथील त्या घरांत पतीच्या पुस्तकांमध्यें लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं लागली. १८८२ च्या आरंभीं पटकीनें पतीला नेलें. मुलगी मनोरमा तेव्हां वर्षाचीही झाली नव्हती. तेविसाव्या वर्षीं या बाईला माहेर नव्हतें, सासर नव्हतें, जात नव्हती. अशा स्थितींत त्या पुण्यास आल्या, आणि त्या एकाच वर्षांत त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि हंटर कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं साक्ष दिली. दुःखानें खचून धर्मांतर केलें, असें जे म्हणतात त्यांनीं या वर्षाचा हिशेब एकदां पहावा.

१८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या मुलीसह इंग्लंडास गेल्या, आणि वाँटेज येथील सेंट मेरी मठांतील भगिनींकडे राहिल्या. या भगिनींचें लंडनांतील फुलम भागांत एक काम होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें आसरा मिळे. जिच्यापुढें दार बंद होतें तिला हें उघडें दार दिसलें. तेथेंच त्यांनीं योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली. पूर्वीं काशीचे पंडित व नंतर ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनीं बुद्धीच्या शंका बऱ्याच फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास, बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनीं आत्मघात केला. तेव्हां हा बाप्तिस्मा मोठ्या आनंदसोहळ्यांत झाला, असें मानण्याचें कारण नाहीं.

सामान्य समजूत अशी कीं, बाप्तिस्मा झाला, शोध संपला, शांति मिळाली. वाँटेज व चेल्टनहॅम येथील त्यांचीं पत्रें वाचल्यावर ही समजूत टिकत नाहीं. मठांतील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत. आणि याच आजीबाईंशीं त्यांचा वर्षानुवर्षें वाद चालला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं त्यांना शंका होत्या, आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. क्रूसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत, असें त्यांनीं विचारलें. त्यांनीं पुरुषांना शिकवावें कीं नाहीं, याचा निर्णय हिंदुस्थानांतील बिशप करूं लागले, तेव्हां तो त्यांना रुचला नाहीं. त्यांनीं शाकाहारही सोडला नाहीं. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनीं त्यांचें मन अधिक ओळखलें होतें, आणि म्हणून त्यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार अधिक मोकळा आहे. एका शास्त्रप्रामाण्याच्या जागीं दुसरें शास्त्रप्रामाण्य बसविण्यासाठीं आपण घर सोडलें नाहीं, हाच या साऱ्या पत्रांचा सूर आहे. मान लववावयास बाई तयार होत्या. मात्र कोणापुढें, हें त्यांना स्वतः पहावयाचें होतें. दरम्यान वाढत्या बहिरेपणामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. मार्ग बंद झाला होता, आणि पुढचा अजून दिसत नव्हता.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या, व तेथेंच पुढचा मार्ग निघाला. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ मध्यें प्रसिद्ध झालें. बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षें मदत देण्याचें ठरलें. आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. काम उभें राहिलें होतें, लोकांचा पाठिंबा होता, नांव सर्वतोमुखीं होतें. कोणीही म्हणेल कीं बाईंना आतां स्वस्थता लाभली.

परंतु त्यांनीं स्वतः तसें म्हटलेलें नाहीं. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें चर्चमध्यें उपदेश करीत होता, आणि व्यासपीठावर उभा असतांनाच आपल्यालाच हें उमगलेलें नाहीं अशी त्याला जाणीव झाली. रमाबाईंना या आरशांत स्वतःचें रूप दिसलें. बाप्तिस्म्याला आठ वर्षें झालीं होतीं, आणि इतक्या वर्षांनीं त्यांना कळून आलें कीं, आपण एक धर्म पारखून घेतला, पण ज्याच्यावर भार टाकावयाचा त्याची भेट राहूनच गेली. आजवर त्या पात्रता मिळवीत होत्या. लहानपणीं व्रतांनीं, पुढें विद्येनें, नंतर लोकसेवेनें त्या पात्रता मिळवीत आल्या. तारण हें पात्रतेचें वेतन नसून जो मागेल त्याला तो असेल तसा मिळणारें दान आहे, हा ख्रिस्ती शिकवणीचा गाभा त्यांना तेव्हां बुद्धीच्या पलीकडे जाऊन पटला. स्त्रीला व शूद्राला दार बंद आहे, या जुन्या जखमेवर नेमकें हेंच औषध लागू पडलें.

थकल्याभागल्यांना विसावा देण्याचें जें वचन मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे, तें सर्वांस ठाऊक असतें. त्याच्या लगतच आपलें जूं खांद्यावर घेण्याची आज्ञा आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. जूं हें शेतकऱ्याच्या घरचें अवजार आहे. तें बैलाला उभें करून ठेवण्यासाठीं नसतें. नांगराला जुंपण्यासाठीं असतें. रमाबाईंचा विसावा पाहावयाचा तर तो या दृष्टीनें पाहिला पाहिजे. त्यांच्या बाबतींत विसाव्यानंतर ओझें वाढलेलें दिसतें.

पहिलें ओझें लगेच आलें. १८९० मध्यें शारदासदन पुण्यास आणलें होतें. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील, हें आरंभींच ठरलेलें होतें. रमाबाई आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडें ठेवीत, आणि ज्या मुली येत त्यांना हांकलून देत नसत. १८९३ सालीं यावरून मोठें वादळ उठलें. ‘केसरी’नें कडक टीका केली, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं संबंध तोडला, पालकांनीं मुली काढून नेल्या. येथें इतिहासानें दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. रानडे-भांडारकर हे स्त्रीशिक्षणाचे द्वेष्टे नव्हते. विधवेला शाळेंत पाठविण्यास एकेका घराचें मन वळविण्यासाठीं त्यांनीं आपली पत खर्च केली होती, आणि ती पत बुडते असें त्यांना दिसलें. उलट रमाबाईंना वाटे कीं, जी गोष्ट आपल्या आयुष्याचा आधार झाली ती दाराआड लपविणें म्हणजे खोटेपणा. एकीच्या विसाव्याचा घाव दुसऱ्यांच्या विश्वासावर बसला, हें नाकारतां येत नाहीं. मात्र दोन वर्षांपूर्वींच्या रमाबाईंना हा एकाकीपणा कदाचित् सोसला नसता; १८९३ च्या रमाबाई सदन चालवीत राहिल्या.

ईश्वरी मार्गदर्शनावर विसंबणें म्हणजे त्यांच्या व्यवहारांत नेमकें काय होतें, हें पुढच्या चार वर्षांत दिसतें. ब्रिस्टल येथें हजारों अनाथ मुलांचें पालन करणारे जॉर्ज म्यूलर यांचें चरित्र त्यांनीं वाचलें होतें. माणसांपाशीं पैसा न मागतां देवापाशीं मागावा, आणि त्यानें दिला तर काम वाढवावें, हा म्यूलरांचा बाणा त्यांना पटला. १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हां अमेरिकेच्या मदतीची मुदत संपत आलेली होती, आणि केडगांवची बाग अजून पुरती हातीं आली नव्हती. हिशेब पाहिला तर घरीं बसणें शहाणपणाचें होतें. परंतु दुष्काळ हा शब्द या बाईला वर्तमानपत्रांतून कळलेला नव्हता. अन्नावांचून काढलेले ते अकरा दिवस तिच्या आठवणींत होते. त्या मध्यप्रांतांत गेल्या, तेथील मुलींचे हाल डोळ्यांनीं पाहिले, आणि तीनशें मुली आणावयाच्या असें ठरवून परतल्या. त्यांना मार्गदर्शन मिळालें तें आकाशवाणीच्या रूपानें नव्हतें. स्वतःचें जुनें दुःख, समोर आलेली गरज आणि प्रार्थनेंत मिळालेलें धैर्य, या तिहींचा मेळ त्यांनीं ईश्वराची आज्ञा म्हणून ओळखला.

पुण्यांत प्लेगाचे निर्बंध आल्यामुळें एवढ्या मुली शहरांत ठेवतां येईनात. त्या केडगांवच्या माळावर आल्या आणि मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. शाळा, छापखाना, विणकाम, शेती व गोठा, पतित स्त्रियांसाठीं कृपासदन, आंधळ्यांना शिकविण्याची सोय, अशी एक स्वयंपूर्ण वसाहत झाली. श्रद्धेनें चाललेलें काम म्हणजे गबाळें काम, असा कोणाचा समज असल्यास त्यानें हें पहावें. पैसा मागावयाचा नाहीं असा नेम होता, तरी कामाची हकीकत पत्रिका काढून जगाला कळविली जाई, आणि ती वाचून मदत येई. यांत विसंगति पाहणाऱ्यास ती दिसेल. बाईंना ती दिसली नाहीं. विहीर खणणें आणि पावसासाठीं हात जोडणें, या दोन गोष्टी त्यांनीं कधीं एकमेकींच्या विरुद्ध मानल्या नाहींत.

देवावर विसंबणारें मन सरकारपुढें नमतें, असाही एक आक्षेप असतो. १८९७ च्या प्लेगांत पुण्यांतील रुग्णालयाच्या व्यवस्थेविरुद्ध रमाबाईंनीं वृत्तपत्रांतून उघड तक्रार केली, हें त्याला पुरेसें उत्तर आहे. १९०५ सालीं वेल्समधील धर्मजागृतीची वार्ता ऐकून मुक्तिसदनांत जो भक्तीचा उद्रेक झाला, त्याविषयीं मात्र मतें भिन्न आहेत. मुली मोठ्यानें रडत, मोठ्यानें प्रार्थना करीत; पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही तो प्रकार अतिरेकाचा वाटला. पण जिनें लहानपणीं सारें सोसलें त्या मुलींच्या पिढीला मोकळेपणानें रडण्याची तरी जागा मिळाली, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

याच काळांत महाराष्ट्रांत आणखी एक पंडित कवि ख्रिस्ताकडे वळला होता. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. टिळकांची वाट तुकोबांच्या अभंगांतून गेली, म्हणून त्यांच्या वाणींत वारकऱ्याचा जिव्हाळा टिकला आणि मराठी वाचकानें त्यांना लवकर जवळ केलें. रमाबाईंची वाट दुष्काळांतून आणि शास्त्रांच्या बंद दारावरून गेली. त्यामुळें त्यांच्या बोलण्यांत तुटल्याचा कठोरपणा राहिला. दोघांनाही एकाच ठिकाणीं विसावा मिळाला, पण मुक्काम एक झाला म्हणून वाटेंतले कांटे सारखे नसतात. वाचकानें रमाबाईंवर रागवावयाचें असेल तर आधीं त्यांच्या तळपायांकडे पहावें.

आयुष्याचीं शेवटचीं सुमारें अठरा वर्षें त्यांनीं बायबलाच्या मराठी भाषांतरास दिलीं. त्यासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकल्या. ज्या बाईनें संस्कृत पांडित्यावर कलकत्ता जिंकलें होतें, तिनें या कामीं मुद्दाम साधी, खेड्यांतील अशिक्षित बाईला कळेल अशी भाषा वापरली, आणि मुक्तिसदनांतील मुलींनीं तिचे खिळे जुळवून तें छापलें. मोक्षाची वाट आपल्याला वाचतां येणार नाहीं, असें कोणा बाईला पुन्हां वाटूं नये, हा त्यामागचा हेतु उघड दिसतो.

१९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. आईचा भार वाहणारी, काम पुढें चालविणारी ती एकुलती मुलगी होती. तिरडीचें ओझें एकदां डोक्यावर घेतलेल्या या बाईला शेवटीं हेंही घ्यावें लागलें. त्या थांबल्या नाहींत. भाषांतराचें काम पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

आंधळ्या पित्यानें रानांत जिला देवाच्या हवालीं केलें होतें, तिनें तो शब्द पाळला. मात्र ज्या देवाच्या हवालीं केलें त्याचें नांव पित्याच्या कल्पनेबाहेरचें निघालें. अनंतशास्त्र्यांना हें पटलें असतें कीं नाहीं, हें कोण सांगणार? पण पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल ज्यानें स्वतः लोकांचा रोष सोसला, त्याला एवढें नक्कीच कळलें असतें कीं, आपल्या मनाला पटलेल्या गोष्टीसाठीं एकटें चालण्याचा गुण मुलीनें बाहेरून आणलेला नाहीं. केडगांवच्या माळावर जीं हजारों माणसें जेवलीं, शिकलीं आणि निजलीं, त्यांचा विसावा तिच्या विसाव्यांतून निघाला. खांद्यावर जूं घेतल्यावर तें एकट्यानें ओढावें लागत नाहीं, अशी तिची खात्री होती. आणि त्या खात्रीवर तिनें तीस वर्षें नांगर धरला.